कागदाच्या वाटेने : बेळगाव ते निपाणी

बेळगावला जाऊन कुंदा न आणणारा पाहुणा आणि निपाणीवरून जाताना तंबाखूचा वास न आलेला प्रवासी, हे दोघेही विरळाच. या दोन गावांमध्ये पाऊणशे-ऐंशी किलोमीटरांचे अंतर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा सारा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून या पट्ट्याविषयी जे लिहिले गेले, ते बहुधा नकाशावरच्या रेषेविषयी. तो विषय मोठा आहे. तो थोरांकडे असू द्यावा. मी गेले होते ती कागदासाठी, आणि कागद नीट ठेवावा कसा हे पाहण्यासाठी.

हैदराबादेत तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांत संक्रांतीला भेटकार्ड पाठवण्याची चाल अजून आहे. कार्डाबरोबर पाकिटात चिमूटभर हलवा, आणि कार्डावर आपल्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी. पूर्वी पुण्या-मुंबईची छापील मराठी कार्डे परगावी मिळत. आता बाजारात शोधूनही सापडत नाहीत, आणि भ्रमणध्वनीवरून येणाऱ्या फुलांच्या चित्रांना कार्ड म्हणायला मन धजत नाही. तेव्हा कार्ड घरीच करावे लागते. ज्यांनी ते केले आहे, त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. या कामात कला आडवी येत नाही, पसारा आडवा येतो. कात्री स्वयंपाकघरात, डिंक वाळून खडखडीत, कार्डशीट कपाटामागे उभी राहून वाकलेली, सोनेरी दोरा शिवणयंत्राच्या खणात. सगळे गोळा होईपर्यंत अर्धा तास जातो आणि तेवढ्यात ज्या मुलांसाठी हा घाट घातला ती मुले उठून गेलेली असतात. ज्यांचे पोटच कागदावर आहे ती माणसे आपले साहित्य कसे लावून ठेवतात हे एकदा डोळ्यांनी पाहावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. मार्गशीर्षात बेळगावला एक कार्य निघाले आणि तो योग आला.

गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार हा बेळगावचा गजबजलेला भाग. इथल्या दुकानदाराशी कोणत्या भाषेत बोलावे असा प्रश्न नवख्याला पडतो. दुकानदाराला पडत नाही. तो गिऱ्हाइकाच्या पहिल्या शब्दावरून भाषा उचलतो. मराठीतून घोटीव कागद मागणाऱ्या बाईंना उत्तर देता देता तो कन्नडात नोकराला शिडीवर चढवतो आणि हिशेब इंग्रजी आकड्यांत मांडतो. घोटीव, क्रेप, जिलेटिन, बेगड, झिरमिळ्यांचा कागद यांना दिवाळीत सर्वांत अधिक उठाव असतो, कारण इथे अजून कंदील घरी करणारी मुले आहेत. अंगणात मातीचे किल्ले करण्याचा या गावचा उत्साह तर सर्वांना ठाऊक आहेच. त्या किल्ल्यांवरची निशाणे आणि तोरणेही याच दुकानांतल्या कागदाची असतात.

लग्नपत्रिकांच्या दुकानात मी अंमळ अधिक रेंगाळले. एकाच घरची पत्रिका मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत, अशी तीनदा छापून घेणारे लोक इथे पुष्कळ आहेत. वरपक्ष चंदगडकडचा, वधूपक्ष धारवाडकडचा आणि वराचे साहेब बेंगळूरचे, मग दुसरा इलाज काय! नमुन्यांच्या जाड वह्या गिऱ्हाइकापुढे येतात, पण त्या वह्यांच्या मागची मांडणी मला अधिक आवडली. कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे रंगाप्रमाणे लावलेले नव्हते, मापाप्रमाणे लावलेले होते, आणि प्रत्येक मापाच्या गठ्ठ्याशेजारी त्याच मापाची पाकिटे. मी कारण विचारले. "रंग कुठलाबी चालतो की ओ. पाकिटात बसलं नाही तर काय करायचं?" असे उत्तर मिळाले. घरी कार्ड करताना आपण नेमके याच्या उलट वागतो. हौसेने कार्ड होते आणि मग त्याच्या मापाचे पाकीट गावभर शोधत हिंडावे लागते.

जवळच्याच एका बोळात एक जुना छापखाना आहे. आता तिथे सारी अक्षरजुळणी संगणकावर होते. पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र मात्र टिकून आहे, कारण जाड कागदाला घडीची रेघ पाडायला आणि ठशाने आकार कापायला ते अजून बरे पडते. खिळे बहुतेक सगळे शिशाच्या भावाने वजनावर गेले. एक लाकडी केस तेवढी भिंतीला लावून ठेवलेली आहे, आणि तिच्यासमोर उभे राहून चाळीस वर्षे खिळे जुळवलेले एक वृद्ध गृहस्थ अजून दुपारचे येऊन बसतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मीही म्हटले.

केस म्हणजे उथळ खणाखणांचा उतरता फळा. त्यात क, ख, ग ओळीने असतील असे मला वाटत होते. तात्या हसले. "वर्णमाला शाळेत, ओ ताई. इथं वर्णमाला चालत नाही. ज्याला काम जास्ती, त्याला हाताजवळ जागा आणि मोठं घर. ङ आणि ञ बसतात तिकडं कोपऱ्यात, वर्षाकाठी एकदा उठवायचे." सर्वांत मोठे घर कोणाचे, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी न पाहता मधल्या खणावर बोट ठेवले. ते घर कान्याचे होते. देवनागरीत काना निव्वळ 'आ'काराला लागत नाही. ग, ण, श यांसारखी अक्षरेही अर्धा खिळा आणि काना मिळून पुरी होत. त्यामुळे इतर अक्षरे शिल्लक असताना काने संपत आणि काम अडे.

इंग्रजीचे काम दोन केसांत भागत असे. देवनागरीला वेलांट्या, मात्रा, उकार आणि जोडाक्षरे धरून त्याहून कितीतरी अधिक घरे लागत, आणि कन्नडात अक्षराच्या पायाशी लोंबणारी ओत्तक्षरे म्हणजे निराळाच संसार. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या छापखान्याच्या सुबक अक्षरांचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. पण त्या अक्षरांना घरे नेमून देणाऱ्या आणि ती घरे अंधारातही ओळखणाऱ्या अशा हातांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत. तात्यांना मराठी आणि कन्नड दोन्ही केसा पाठ होत्या. इंग्रजी वाचता येत नसे, जुळवता मात्र येई!

तेथून दोन दारे टाकून पुस्तकबांधणीचे दुकान होते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. इतकी जुनी वाचनसंस्था ज्या गावात आहे तिथे बांधणीकारांचा हातही तितकाच मुरलेला असणार, हे मी गृहीत धरले होते. या दुकानाचा नियम एकाच वाक्याचा निघाला : "कागद झोपवून ठेवायचा, हत्यार उभं ठेवायचं." सुरी, आरी, दाभण, घडी दाबायची हाडाची पट्टी ही सगळी एका लाकडी ठोकळ्याच्या भोकांत मुठी वर करून उभी होती, एखादे हत्यार जागेवर नसले तर रिकामे भोकच सांगते. कागद मात्र सपाट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर वजन ठेवलेला. बेळगावचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. त्या चार महिन्यांत उभा ठेवलेला कागद दमट हवेने असा वाकतो की पुढे शिकंज्यात घातला तरी सरळ होत नाही. इथल्या खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कसर लागत नाही. पण ते विष आहे, तेव्हा मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते चुकूनही घालू नये. घरी मैद्याची खळ लागेल तेवढीच करावी आणि दुसऱ्या दिवशी टाकून द्यावी.

याच दुकानात मला एक उपयुक्त धडा मिळाला. यंत्रावर झालेल्या प्रत्येक कागदाला एक कल असतो. कागद दोन्ही कडांना धरून, न दुमडता, हलकेच वाकवून पाहावा. एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून. ज्या बाजूने तो निमूटपणे वाकतो त्या बाजूने घडी घातली तर ती सुरीसारखी सरळ बसते. आडव्या कलावर घातलेली घडी फुटते आणि कार्डाचा कणा पांढरा दिसू लागतो. हातकागदाला असा कल जवळजवळ नसतो, कारण साच्यात लगदा हलवताना तंतू सर्व दिशांनी पडतात. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची. सुती चिंध्यांपासून केलेला असला कागद हाती आला तर त्याच्या कडा कापू नयेत. त्या वेड्यावाकड्या कडा हीच त्याची शोभा.

पत्ते आणि कार्डे हाताने करण्याची विद्या या प्रदेशाला नवी नाही. बेळगावहून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथल्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे वाटोळे रंगीत खेळण्याचे पत्ते, अजून हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पाने. चिताऱ्यांची ही कला जवळजवळ बुडाली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या सुमारास जुन्या कारागिराला हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवायचे, घोटायचे, रंगवायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा. एकशेवीस पानांच्या कामात सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक अवताराची पाने निराळी राखावी लागतात. वेळ नव्हता म्हणून या खेपेस मी तिकडे वळले नाही. निपाणीची गाडी धरली.

बेळगाव सोडताना किर्लोस्कर रोड लागतो, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या इथल्या सायकलींच्या दुकानाची आठवण होतेच. १८८८ साली सुरू झालेल्या त्या दुकानापासून पुढे एवढे मोठे कारखाने आणि मासिके निघाली. मग काकती, हत्तरगी, हिरण्यकेशीच्या काठचे संकेश्वर, आणि त्यानंतर तवंदीचा घाट. घाट फार मोठा नाही, पण वळणावरून खाली पाहिले की उसाची आणि तंबाखूची शेते आळीपाळीने दिसतात. डाव्या-उजव्या पाट्यांवरची लिपी पाहत बसण्याचा खेळ मुलांना रिझवतो. स्तवनिधीचे जैन तीर्थ मागे पडले की निपाणी आलीच. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी हाच महामार्ग अडवून धरला होता. त्यात गोळीबार झाला आणि माणसे दगावली. आज तिथून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना त्याची कल्पना नसते.

निपाणीला माझी मावसबहीण राहते. तिच्या परसदारी एक मावशी विड्या वळायला बसतात. त्यांच्या घरी ऊन येत नाही म्हणून इकडे येतात. मांडीवर सूप. सुपात एका बाजूला भिजवून मऊ केलेली टेंभुर्णीची पाने, मध्ये जर्दा, उजव्या हाताशी कात्री, तिच्यावर पत्र्याचे माप, कडेला दोऱ्याची गुंडी, आणि विडीचे तोंड मिटवायला लोखंडाची लहानशी काडी. माप पानावर ठेवले, कात्री फिरली, चिमूट पडली, विडी वळली, दोरा बसला. पंचवीस झाल्या की कट्टा. मी पाहत होते तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही खाली पाहिले नाही. बहिणीशी गावच्या गोष्टी चालल्याच होत्या. मी आश्चर्य बोलून दाखवले तर म्हणाल्या, "हाताला ठावं असतंय. बघून करतो म्हटलो तर हजार कुठलं व्हतंय?" या भागात बायकाही 'मी आलो', 'मी करतो' असेच म्हणतात, आणि ते कानाला फार गोड लागते.

त्या सुपात एकही वस्तू अधिक नव्हती आणि एकही दूर नव्हती. त्याचे कौतुक करताना एक सांगितले पाहिजे. ही मांडणी हौसेची नव्हे, पोटाची आहे. हजारांवर मजुरी ठरते, म्हणून हात इतका नेमका फिरतो, आणि जर्द्याची धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. मावशींची मुलगी शिकून दवाखान्यात नोकरीला लागली आहे, हे त्यांनी मला विड्यांविषयी बोलण्याआधीच सांगितले होते.

संध्याकाळी बहिणीच्या नातीने आपले कार्ड आणून दाखवले. दहा वर्षांची पोर. शाळा इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा कन्नड. मराठी घरात बोलण्यापुरती. कार्डावर पतंग, तिळाचे लाडू, सगळे झकास. आत काय लिहिले आहे ते मला वाचता येईना, कारण अक्षरे कन्नड होती. मी तिलाच वाचायला सांगितले. ती घडाघडा वाचू लागली : "आजीस शि. सा. न. वि. वि. तिळगूळ घ्या, गोड बोला." सारी मराठी, अगदी आजोबांच्या पत्रांतला मायनासुद्धा, पण कन्नड लिपीत! पोरीची हुशारी पाहून हसू आले, आणि लगेच थांबले. हे कार्ड जायचे होते तिच्या बापाच्या आईकडे, गडहिंग्लजला. त्या आजींना बाळबोध अक्षर तेवढे वाचता येते. नातीचे कार्ड वाचून घ्यायला त्यांना शेजारी कन्नड जाणणारे माणूस शोधावे लागले असते.

तुमच्या-आमच्या घरांत लिपी निराळी असेल. तेलुगू असेल, गुजराती असेल, परदेशी असलात तर रोमन असेल. गोष्ट तीच. बोली राहते, हात आधी जातो. मुलीला बसवून बाराखडी गिरवायला लावणे हा एक उपाय झाला, पण सुटीत आलेल्या पाहुणीने तसे केले तर मूल दुसऱ्या दिवशी तोंड दाखवत नाही. मला तात्यांची केस आठवली.

बहिणीकडे एक जुना मिसळणाचा डबा पडून होता, सात वाट्यांचा. आमच्या बायकांना या शास्त्रात कोणी शिकवायला नको. फोडणीला जे आधी लागते ते हाताशी, हे आपण रोज करतोच. त्या डब्यात आम्ही अक्षरे भरायची ठरवली. तिच्याच कार्डशीटच्या उरलेल्या तुकड्यांतून, दीड सेंटिमीटर उंचीची, शिरोरेघेवाचून कापलेली अक्षरे. लिहायची मी, कापायची तिने. वर्णमाला नाही, तिला कार्डात जी लागतात तीच. आज, त, ल, ग, ळ, उद्या आणखी. एका वाटीत वेलांट्या, एकीत मात्रा आणि अनुस्वाराचे टिंब, एकीत काने. अक्षरे कार्डावर जुळवून चिकटवायची आणि शेवटी वरून एक लांब पट्टी, म्हणजे शिरोरेघ. पट्टी बसली की शब्द पुरा. कन्नडात प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याचे स्वतःचे तलकट्टु असते. इथे एका शब्दाला मिळून एकच, याची तिला फार गंमत वाटली. "म्हणजे सगळ्यांना एक छप्पर," असे ती म्हणाली.

मग बाकीचा पसाराही त्याच हिशेबाने लावला. ए-चार मापाचा कागद सपाट मावेल असे साडीचे खोके तळाशी. त्यात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये पांढरा, रंगीत आणि हातकागद निरनिराळा. तळव्याहून लहान तुकडे अक्षरांसाठी एका पाकिटात. बाकीची चिंधी टाकून दिली. या बाबतीत दयामाया कामाची नाही, कारण 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला कचरा लागणाऱ्या वस्तूला झाकतो. पट्टी, पेन्सिल, दाभण आणि कागदाची कात्री एका पेल्यात, मुठी वर; दाभणाच्या टोकाला बूच, आणि कात्रीला लाल दोरा बांधलेला, म्हणजे ती कोथिंबिरीकडे जाणार नाही. हाडाची पट्टी नव्हती. चमच्याची पाठ घडी दाबायला तितकीच चांगली. डिंकाची बाटली झाकण खाली करून उभी. बेगड, टिकल्या, सोनेरी दोरा झाकणाच्या बरणीत. आणि सर्वांत वर पाकिटे, तिकिटे आणि पत्त्यांची वही, कारण कार्ड तयार होऊनही न जाण्याचे कारण बहुधा पत्ता हेच असते.

पाकिटाच्या मापावरून कार्डाचे माप ठरवले. २५० ग्रॅमी जाड कागदाच्या एका ए-चार तावाचे वजन साडेपंधरा ग्रॅम भरते. त्याची एक घडी घालून मोठे कार्ड केले तर पाकीट धरून टपालाचा २० ग्रॅमांचा पहिला टप्पा ओलांडतो. अर्ध्या तावाचे कार्ड केले की आठ ग्रॅमांच्या आत काम होते, आणि पाकीट धरूनही सात-आठ ग्रॅम हलव्यासाठी उरतात. हलवा मेणकागदाच्या पुडीत बांधावा आणि पुडी चपटी करावी, म्हणजे टपालाच्या शिक्क्याखाली दाणे फुटत नाहीत.

दोन दिवसांत गडहिंग्लजच्या आजींचे कार्ड झाले. आत तिघींनी मिळून जुळवलेल्या दोन ओळी, आणि खाली तिचे नाव, जे तिने एकटीने जुळवले. उकार उलटा बसला होता. मी तो तसाच ठेवू दिला. मग कोल्हापूरच्या आत्याचे, मग माझ्या सासूबाईंचे, असे करता करता डब्याची झाकझूक सुरूच राहिली. मी निघण्याच्या दिवशी सकाळी ती आतून ओरडली, "मावशीआजी, काने संपले!" बाहेर येऊन पाहते तो पोर ओसरीवर बसून, लाल दोऱ्याच्या कात्रीने, एका मापाच्या पट्ट्या भराभर कापत होती, आणि विड्यांच्या मावशी सूप बाजूला ठेवून तिला सांगत होत्या, माप वर धर, कात्री बघू नको.